मनमोहन सिंग : लोकसभा न जिंकलेला पंतप्रधान कमकुवतच असतो का?

सह्यकडा (धागाकर्ता)
डॉ. मनमोहन सिंग यांच्याविषयी बोलताना सगळे १९९१ पाशी, त्यांच्या अर्थमंत्रीपदापाशी थांबतात. मला १९९९ महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी ते दक्षिण दिल्लीतून लोकसभेला उभे राहिले आणि भाजपच्या विजयकुमार मल्होत्रांकडून हरले. पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. २००४ ते २०१४ पंतप्रधान, आणि तो सगळा काळ आसाममधून राज्यसभेवर! पंजाब विद्यापीठात, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवलेला माणूस त्या खुर्चीपर्यंत पोचला याचा मला अभिमानच आहे. पण ज्याला स्वतःचा मतदार नाही, त्याची खुर्ची दुसऱ्याच्या मर्जीवर असते. सप्टेंबर २०१३ मध्ये ते अमेरिकेत असताना त्यांच्याच मंत्रिमंडळाचा वटहुकूम फाडून फेकून द्यावा, असं राहुल गांधी जाहीरपणे म्हणाले. लोकांतून निवडून आलेल्या पंतप्रधानाबाबत हे घडलं असतं?

उंबरठा
इंदिरा गांधीही १९६६ मध्ये राज्यसभेतूनच पंतप्रधान झाल्या होत्या.

सह्यकडा
आणि पुढच्याच वर्षी रायबरेलीतून निवडून आल्या. फरक तिथेच आहे.

खडूफळा
मला हे पटत नाही. राजकारण म्हणजे फक्त प्रचारसभा नव्हेत. २४ जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात त्यांनी खतांचे भाव ४० टक्क्यांनी वाढवले. काँग्रेसचेच खासदार उलटले. नरसिंह रावांचं सरकार अल्पमतातलं, सोनं गहाण पडलेलं, रुपयाचं अवमूल्यन तीन आठवड्यांपूर्वीच झालेलं. अशा वेळी हट्टी प्राध्यापक राजीनामा देऊन घरी गेला असता. यांनी वाढ ३० टक्क्यांवर आणली, अल्पभूधारकांना वगळलं आणि बाकीचा अर्थसंकल्प वाचवला. कुठे सोडायचं आणि कुठे धरून ठेवायचं, हे ज्याला कळतं तो राजकारणी. २००८ मध्ये तर उलट. अमेरिकेसोबतच्या अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढला, तरी ते मागे हटले नाहीत. २२ जुलैला विश्वासदर्शक ठराव २७५ विरुद्ध २५६ ने जिंकला. हा कमकुवत माणूस?

सह्यकडा
त्याच दिवशी मतांसाठी लाच दिल्याचा आरोप करत भाजप खासदारांनी लोकसभेत नोटांची बंडलं फडकवली होती, तेही सांगा. ते बहुमत जमवणारे हात वेगळे होते.

कोरडवाहू
मी यवतमाळचा, म्हणून वेगळं बोलतो. २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात आले, आत्महत्याग्रस्त कुटुंबांना भेटले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज दिलं. त्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. पण २००८ ची कर्जमाफी बघा. पाच एकरांपर्यंत पूर्ण माफी, त्यापुढे फक्त २५ टक्के सवलत, तीही उरलेले पैसे भरल्यावर. आमच्याकडे पावसावर कापूस घेणारा आठ एकरवाला पश्चिम महाराष्ट्रातल्या दोन एकर उसवाल्यापेक्षा गरीब असतो! दिल्लीच्या कागदावर मात्र तो मोठा शेतकरी ठरला. गावोगाव मतं मागत फिरलेल्याला हे सांगावं लागलं नसतं.

खडूफळा
त्या मंत्रिमंडळात निवडून आलेले ढीगभर होते, शरद पवार तर कृषिमंत्री होते. पाच एकरांची अट त्यांच्याही डोळ्यांसमोरूनच गेली. मतदारसंघ असला की जमीन कळते, हे गृहीतकच चूक आहे.

कोरडवाहू
पवारांना मी सोडलेलं नाही. पण शेवटची सही कोणाच्या सरकारची?

लालमाती
प्राध्यापकाला निवडणूक जमत नाही हे कोणी ठरवलं? मधू दंडवते सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. १९७१ पासून राजापुरातून सलग पाच वेळा लोकसभेवर गेले, रेल्वेमंत्री झाले, अर्थमंत्री झाले. कोकण रेल्वेचा ध्यास त्यांनी सोडला नाही, कारण मुंबईहून गावाला जाणाऱ्यांचे हाल त्यांनी मतदारांकडून ऐकले होते. मनमोहन सिंगांनी १९९९ नंतर पुन्हा उभं राहायला हवं होतं. एका पराभवाने काय बिघडतं?

खडूफळा
दंडवत्यांविषयी मलाही आदर आहे. पण ते अर्थमंत्री असलेलं सरकार अकरा महिन्यांत पडलं. परकीय चलनाचा प्रश्न तेव्हाही दारात होता आणि त्यावर कठोर निर्णय घ्यायला त्या सरकारकडे बळच नव्हतं. राजापूरच्या पाच विजयांनी ते बळ दिलं नाही. १९९१ मध्ये ते आलं नरसिंह रावांच्या पाठबळातून.

सह्यकडा
मग माझंच म्हणणं सिद्ध होतं. राव पाठीशी होते तोवर मनमोहन सिंग खंबीर दिसले. २००४ नंतर ते स्वतः पंतप्रधान होते. तेव्हा त्यांच्या पाठीशी कोण उभं राहायचं?