होल्डवर टाकलेला डेटाबेस सर्व्हर खरंच सुरक्षित असतो का?

रात्रपाळी
काल एका पोस्टमध्ये वाचलं: "पोस्टग्रेस एकदा नीट चाललं की पॅकेज होल्डवर टाका आणि विसरून जा." पोस्टग्रेस म्हणजे डेटाबेस सर्व्हर, आणि होल्ड म्हणजे त्याचं पॅकेज आहे त्याच आवृत्तीवर गोठवणं. खाली लोकांनी 'मम' म्हणायला रांग लावलेली. तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

'अपग्रेड' म्हणताना आपण दोन वेगळ्या कामांची खिचडी करतो. १६.३ वरून १६.४ ला जाताना नव्या बायनरी, म्हणजे प्रोग्रामच्या फायली, टाकायच्या आणि रीस्टार्ट करायचं, डेटा डिरेक्टरी तीच राहते. १६ वरून १७ ला जाताना मात्र जुनी डेटा डिरेक्टरी नव्या सर्व्हरला चालत नाही. तिथे डेटा नव्या आवृत्तीत नेणारं पीजी_अपग्रेड किंवा डम्प-रिस्टोअर (डेटा फाइलमध्ये काढून पुन्हा भरणं) आलंच. सगळी भीती या दुसऱ्या कामाची असते. पण डेबियन लिनक्समध्ये आवृत्तीचा आकडा पॅकेजच्या नावातच असतो, त्यामुळे १६ चं पॅकेज आपोआप १७ कधीच होत नाही. मग होल्डने काय अडतं? फक्त दुरुस्त्या!

एप्रिल २०१३ मधलं सुरक्षेचं भोक आठवतंय? डेटाबेसचं नाव डॅशने सुरू करून नुसती कनेक्शनची विनंती पाठवली, तरी सर्व्हरच्या फायली खराब करता येत होत्या. पासवर्ड लागत नव्हता, पोर्टपर्यंत पोचलं की झालं. जून २०२२ चं १४.४ घ्या. त्याआधीच्या १४ मध्ये रीइंडेक्स कन्करंटली (काम चालू ठेवून इंडेक्स, म्हणजे शोधाची सूची, पुन्हा बांधणं) चालवल्यावर इंडेक्स गुपचूप बिघडू शकत होता. १४.३ ला होल्ड लावून बसलेल्या माणसाला हे कळणार कधी?

जुनंखोड
दुरुस्त्यांची बाजू मांडताय तर नोव्हेंबर २०२४ सुद्धा लिहा की. १४ तारखेला १७.१ आलं, जुन्या शाखांच्या दुरुस्त्याही त्याच दिवशी. आतल्या एका स्ट्रक्चरचा आकार बदलला आणि आधी कंपाइल केलेली काही एक्स्टेन्शन्स (पोस्टग्रेसला जोडायचे प्रोग्राम) अडचणीत आली. आठवड्याच्या आत, २१ ला, १७.२ काढावं लागलं. किरकोळ म्हणता त्या आवृत्तीत हे झालं.

आणि माझं सांगतो. आधीच्या नोकरीत पहाटे आपोआप अपडेट झालं, सर्व्हर रीस्टार्ट झाला. ॲप्लिकेशनचा पूल (तयार कनेक्शन्सचा साठा) मेलेली कनेक्शन्स धरून बसला. सकाळी नऊपर्यंत एकही व्यवहार नोंदला गेला नाही. बोलणी मी खाल्ली, निस्तरलंही मीच. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक मशीनवर होल्ड आहे. पुस्तकी ज्ञान मला नको.

निळी शाई
होल्डचं राहू द्या, खरा घात कॉन्फिगमध्ये होतो आणि त्याचं मूळ आहे ऑल्टर सिस्टम, म्हणजे सर्व्हरची सेटिंग बदलणारी एसक्यूएल कमांड. आमच्याकडे कुणीतरी कधीतरी शेअर्ड बफर्स (डेटासाठी राखलेली मेमरी) त्या कमांडने वाढवले होते. मूल्य गेलं पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फमध्ये. पीजी_अपग्रेड कॉन्फिग नेत नाही, म्हणून मी मुख्य फाइल आणि पीजी_एचबीए (कुणाला जोडू द्यायचं ते ठरवणारी फाइल) हाताने नेल्या. ऑटोवाली फाइल आहे हेच मला माहीत नव्हतं. नवा सर्व्हर १२८ एमबीवर सुरू झाला आणि दोन दिवस आम्ही क्वेरींना दोष देत बसलो. ही कमांड असायलाच नको होती.

तिसरा डोळा
निळी शाई, फाइल न्यायची तुम्ही विसरलात आणि फाशी कमांडला? ऑल्टर सिस्टम चुकीचं मूल्य तिथल्या तिथे नाकारते. हाताने लिहिताना एक अक्षर चुकलं की पुढच्या रीस्टार्टला सर्व्हर उठत नाही.

निळी शाई
सगळं नाकारत नाही! रॅमपेक्षा मोठे शेअर्ड बफर्स देऊन बघा, मुकाट घेते. सर्व्हर पडतो रीस्टार्टला, आणि तेव्हा एसक्यूएल चालवायला सर्व्हरच नसतो. फाइलमध्ये निदान कारण लिहिता येतं, बदलांचा इतिहास राखणाऱ्या गिटमध्ये ठेवता येतं. 'हे कुणी आणि का बदललं' याचं उत्तर ऑटो फाइल देते का?

तिसरा डोळा
'का' नाही देत, हे मान्य. पण 'कुठून' हे पीजी_सेटिंग्स या तक्त्यातल्या सोर्सफाइल रकान्यात दिसतं. रीलोडआधी पीजी_फाइल_सेटिंग्स पाहिलं तर फाइलमधल्या चुकाही कळतात. दोन दिवसांत एकदाही पाहिलं नाहीत? आणि इतका राग असेल तर १७ पासून अलाउ_ऑल्टर_सिस्टम ऑफ करता येतं.

निळी शाई
नव्हतं पाहिलं. ऑफ करता येतं हे माहीत नव्हतं, आज करते. तरीही ते मुळातच ऑफ हवं होतं, यावर मी ठाम आहे.

रात्रपाळी
मूळ मुद्द्यावर येतो. जुनंखोड, पोस्टग्रेसला होल्ड लावलात, पण खालच्या सिस्टमचं काय? डेबियन १० सोबत जीलिबसी (सिस्टमची मूळ सी लायब्ररी) २.२८ आलं आणि मजकुराचा क्रम लावायचे नियम बदलले. जुने इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेले, शोध नव्या क्रमाने. आमच्याकडे दुबार नोंद रोखणारा युनिक इंडेक्स असूनही तेच ग्राहक दोनदा नोंदले गेले. पोस्टग्रेसच्या पॅकेजला कुणी हातही लावला नव्हता. मजकुरावरचे सगळे इंडेक्स रीइंडेक्स करायच्या आधी दुबार नोंदी एकेक करून काढल्या, रात्रभर. म्हणून जीव तोडून सांगतोय. आपोआप अपडेट बंद ठेवा, त्याला माझी ना नाही. पण होल्ड काढायची तारीखही ठरवा.

जुनंखोड
जीलिबसीचं मला माहीत होतं, पण तपासलं नव्हतं. आत्ता बघितलं. एका सर्व्हरची सिस्टम डेबियन ९ वरून १० ला नेली होती, रीइंडेक्सची नोंद कुठेच नाही. इंडेक्स तपासणारं ॲमचेक चालवतोय.

होल्ड काढणार नाही. नवी दुरुस्ती आली की दोन आठवडे थांबणार, आधी चाचणीच्या मशीनवर टाकणार, मग स्वतः जागेवर बसून रीस्टार्ट करणार. एवढंच मान्य आहे, यापुढे ताणू नका.

रात्रपाळी
दोन आठवडे चालतील. पासवर्डाशिवाय घुसता येणारं भोक असेल तेव्हा मात्र त्याच रात्री. ॲमचेकचं काय निघालं ते कळवा.

जुनंखोड
दोन इंडेक्स बिघडलेले निघाले. रीइंडेक्सला बसतोय.