मदत हवी आहे: बीमला तडे, उद्या प्लास्टरवाला येतोय

घणसोलीकर_साइट:
मंडळी अर्जंट आहे. पोडियमच्या (टॉवरखालच्या पसरट मजल्याच्या) बीमला तडे दिसतायत, उभे, मधल्या भागात, खालून निघून वर गेलेत. उद्या प्लास्टरवाला येतोय. पुस्तकी नको, काय भरायचं तेवढं सांगा.

खारघरचा_खडूस:
डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणून कसं चालेल? स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर) किती, बीमची खोली किती, सळई कुठली, तडा केवढा?

इपॉक्सीवाला:
इपॉक्सीचं इंजेक्शन मारा, तड्यात चिकट रेझिन दाबून भरतात ते. ठाण्यात आमच्या साइटवर मारलं होतं, पाच वर्षं झाली, टकाटक.

घणसोलीकर_साइट:
स्पॅन ८ मीटर, ३०० बाय ८०० एमएम, काँक्रीट एम ३० ग्रेडचं. दोन्ही साइड फेसला १० एमएमच्या दोन-दोन सळया आहेत. ड्रॉइंगवर खाली २० एमएमच्या ६ सळया होत्या, फे ५०० (सळईच्या ताकदीचा ग्रेड), पण सळयांमध्ये व्हायब्रेटरची नीडल जाईना म्हणून फे ६०० च्या ५ टाकल्या. ६ गुणिले ५०० तीन हजार, ५ गुणिले ६०० पण तीन हजार. हिशोब बरोबर आहे. तडे मोजले नाहीत, बारीकच आहेत.

जुना_साइटवाला:
अरे बाळा हे पहिल्या ओळीत सांगायचं ना! हिशोब ताकदीचा बरोबर, तड्याचा नाही. फे ५०० घे नाहीतर ६००, ई (किती जोर लावला तर किती ताणते तो आकडा) दोन्हीचा २ लाखच. लोड तेवढाच, सळई कमी, म्हणजे एकेका सळईवर स्ट्रेस २० टक्के जास्त आणि ती तेवढीच जास्त ताणणार, काँक्रीटला ते झेपत नाही, ते तडकतं. कन्सल्टंटला विचारलं होतंस?

घणसोलीकर_साइट:
काका, कॉन्ट्रॅक्टर म्हणाला चालतं.

सळईप्रेमी:
फे ६०० ला उगाच बदनाम करू नका, आयएस १७८६ मध्ये (सळयांचं भारतीय मानक) ग्रेड आहे. २० च्या ५ ऐवजी १६ च्या ८ टाकल्या असत्या तर तडे जास्त पण बारीक पडले असते.

खारघरचा_खडूस:
पाचात जेमतेम नीडल गेली त्याची, तुम्ही आठ घाला म्हणताय! आणि बीम ओतून झालाय, आता कुठे घालणार, बाहेरून बांधणार?

सळईप्रेमी:
दोन थरात बसतात. पुढच्या बीमसाठी सांगतोय.

मोजपट्टी:
आधी क्रॅक गेजचं कार्ड घेऊन मोज, मोबाईलचा फोटो झूम करून नाही. ०.३ एमएमच्या आत असेल तर आयएस ४५६ ला (काँक्रीटचं भारतीय मानक) चालतं.

जुना_साइटवाला:
पाऊस-वारा लागणाऱ्या मेंबरला ०.२. बीम आतला की कडेचा?

घणसोलीकर_साइट:
कडेचा, खाडीकडच्या बाजूचा. आत्ता कार्ड लावून आलो, दोन ठिकाणी ०.२५, बाकी ०.१५.

जुना_साइटवाला:
मग तिथे खारं वारं थेट सळईपर्यंत जाणार. टेकू कितव्या दिवशी काढले? वर काय ठेवलंय?

घणसोलीकर_साइट:
१२ व्या. वरच्या स्लॅबला प्रॉप कमी पडत होते. आणि वर टाइल्सचे बॉक्स आहेत, थोडेच, चाळीसेक.

जुना_साइटवाला:
६ मीटरवरच्या बीमला टेकू २१ दिवस, तू १२ व्या दिवशी काढून वर बॉक्स रचलेस. आजच बॉक्स उतरव, टेकू परत लाव पण जॅक फिरवून बीम उचलू नकोस, नुसते टेकतील एवढेच. प्लास्टर बंद. प्रत्येक तड्याच्या टोकाला पेन्सिलने आडवी रेघ मार आणि तारीख लिही, रेघ ओलांडून गेला तर तडा जिवंत आहे. आणि सळई बदलल्याचं कन्सल्टंटला लेखी कळव, फोनवर नाही.

इपॉक्सीवाला:
म्हणजे इंजेक्शन मारायचंच आहे की नंतर.

जुना_साइटवाला:
नंतर. जिवंत तड्यात भरलंस तर शेजारी नवीन उघडेल.

घणसोलीकर_साइट:
बॉक्स उतरवले, टेकू लावले. कन्सल्टंट गुरुवारी येतायत, फोनवर जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. प्लास्टरवाला रोजीचे पैसे मागतोय.

घोडबंदर_आजोबा:
आमच्या फ्लॅटमध्ये बीम आणि भिंतीच्या जोडावर आडवी चीर आहे, रंग दिला तरी परत येते. ही पण फे ६०० मुळे का?

खारघरचा_खडूस:
आजोबा, वेगळा धागा काढा. स्पॅन लिहा म्हणजे झालं.

मोजपट्टी:
स्पॅन कशाला, तो नुसता भिंतीचा जोड आहे. जाळी न लावता प्लास्टर केलंय त्यांनी.