पेड पासवर्ड मॅनेजर: यंदा रिन्यू करू की सोडून देऊ?

खटपट्या_ठाणेकर
मंडळी, पुढच्या महिन्यात रिन्यूअल आहे म्हणून विचारतोय. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वनपासवर्ड या ॲपचा (सगळे पासवर्ड एका कुलपात ठेवणारं) फॅमिली प्लॅन घेतला, पाच जणांचा, वर्षाला साधारण ६० डॉलर. तेव्हा डॉलर ७५ च्या आसपास होता म्हणजे साडेचार हजार, म्हटलं महिन्याचे पावणेचारशे, एवढं चालतं. आता डॉलर कुठे जाऊन बसलाय बघताय ना, वर माझ्या कार्डाचा फॉरेक्स मार्कअप (डॉलरमधल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार) साडेतीन टक्के आणि त्या मार्कअपवर परत जीएसटी. म्हणजे समोरच्याने एक पैसा वाढवला नसता तरी मला दरवर्षी महागच पडत गेलं असतं.

त्यात ऑक्टोबर २०२१ पासून तो रिझर्व्ह बँकेचा ऑटो-डेबिटचा नियम आला ना, आपल्या मंजुरीशिवाय कार्डातून आपोआप पैसे कापायचे नाहीत असा, तेव्हापासून माझ्या कार्डावरून हे पैसे आपोआप एकदाही गेलेले नाहीत. दरवेळी पेमेंट फेलचा मेल येतो, मग हाताने भरतो, आणि हाताने भरायचं म्हटलं की दरवर्षी हाच प्रश्न पडतो. आपोआप गेले असते तर कळलंही नसतं, हे कबूल.

वापर म्हणाल तर मी रोज वापरतो, २१४ नोंदी आहेत माझ्या. बायको अधूनमधून, वायफाय आणि ओटीटीपुरती. भाऊ पुण्याला असतो, त्याने दोन वर्षांपूर्वी फोन बदलला तेव्हापासून ॲप टाकलेलंच नाही. आणि आईचं अकाउंट मीच उघडून दिलं होतं, परवा बघितलं तर तिच्या व्हॉल्टमध्ये, म्हणजे ॲपमधल्या तिजोरीत, तीन नोंदी, तिन्ही मी केलेल्या. मास्टर पासवर्ड तिने डायरीत लिहिलाय, दुधाच्या हिशोबाच्या पानावर, वर ठळक अक्षरात मथळा: "पासवर्डचा पासवर्ड".

आता सगळे म्हणतात फोनमध्येच फुकट मिळतं. कुणी पेडवरून फुकटवर गेलंय का? पस्तावलात का?

उंटावरचा_शहाणा
सोडा हो. विहिरीच्या काठावर बसून पाण्याची बाटली विकत घेण्यातला प्रकार आहे हा. क्रोममध्ये गूगलचं आहेच, ॲपलने तर सप्टेंबर २०२४ मध्ये आयओएस १८ बरोबर पासवर्ड्स नावाचं वेगळं ॲपच दिलं, त्यात पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने लॉगिन) चालते, लॉगिनचे सहा आकडी कोड येतात, घरच्यांना शेअर करता येतं. आमच्याकडे चौघांचेही फोन अँड्रॉइड, सगळे क्रोमवर, सहा वर्षांत एक रुपया दिला नाही आणि काही बिघडलं नाही. आयटीवाल्यांना उगाच भीती विकत घ्यायची हौस.

भाकरवडी
शहाणे, बिघडेपर्यंत कुणाचंच बिघडलेलं नसतं. क्रोमला मी वाईट म्हणत नाही, डायरीपेक्षा आणि सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा हजार पटीने बरं. पण तुमच्या फोनवर ते कशाने उघडतं? फोनच्या पिनने. तो पिन पोरांना माहीत, मेव्हण्याला माहीत, लोकलमध्ये खांद्यावरून बघणाऱ्याला माहीत. वेगळ्या ॲपला निदान वेगळा मास्टर पासवर्ड तरी असतो. आणि कॉम्प्युटरवर क्रॅक सॉफ्टवेअरमधून जे चोर प्रोग्रॅम येतात ते पहिला हात ब्राउझरमध्ये साठवलेल्या पासवर्डवरच मारतात.

शिवाय फुकट म्हणजे कायमचं नाही. लास्टपास नावाच्या मॅनेजरने मार्च २०२१ मध्ये फुकटवाल्यांना सांगितलं की मोबाइल किंवा कॉम्प्युटर, एकच काय ते निवडा. मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटर ॲपमध्ये लोकांनी पासवर्ड ठेवले होते, ऑगस्ट २०२५ पासून ते तिथे दिसायचेच बंद झाले, एज ब्राउझर वापरा म्हणाले. जुलै २०२४ मध्ये क्रोमच्या एका अपडेटनंतर विंडोजवरच्या बऱ्याच लोकांचे पासवर्ड जवळपास १८ तास गायब होते, आले परत, पण त्या १८ तासांत ज्याचं तिकीट काढायचं राहिलं त्याला विचारा.

आता पेडवाल्यांनीही फार ताठू नये. २०२२ मध्ये लास्टपासच्या व्हॉल्टच्या बॅकअपच चोरीला गेल्या, त्यात पैसे भरणारे आणि न भरणारे असा भेद चोराने केला नाही. आतले पासवर्ड एनक्रिप्टेड (मास्टर पासवर्डशिवाय न वाचता येणारे) होते पण वेबसाइटचे पत्ते उघडे, म्हणजे कुणाचं खातं कुठे कुठे आहे ते चोराला कळलं. ज्यांचा मास्टर पासवर्ड लेचापेचा आणि अकाउंट जुनं, त्यांची जास्त अडचण. तेव्हा पैशाने सुरक्षितता मिळते असं सरळ गणित नाही, मास्टर पासवर्ड तुमचाच. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमनमध्ये लिहा, गाण्याची ओळ नको, देवाचं नाव तर नकोच नको.

खटपट्या, तुमच्यासाठी बिटवॉर्डन या मॅनेजरचं फुकट अकाउंट बघा. कितीही पासवर्ड, कितीही डिव्हाइस, पासकी पण ठेवता येते, आणि दोघांमध्ये शेअर करायला दोन जणांची ऑर्गनायझेशन (सामायिक जागा) फुकट काढता येते, म्हणजे तुम्ही आणि वहिनी झालात. फाइल जोडणं, सहा आकडी कोड तिथेच बनवणं आणि इमर्जन्सी ॲक्सेस (अडीअडचणीला घरच्याला आपलं अकाउंट उघडता येणं) पाहिजे असेल तर प्रीमियम, ते कित्येक वर्षं १० डॉलर होतं वर्षाला, आताचा भाव भरायच्या आधी बघून घ्या.

तिरफळ
खटपट्या दादा, मला यातलं तांत्रिक फार कळत नाही पण एक सांगते. आमचे बाबा कुडाळला असायचे, निवृत्त झाल्यावर फोनचा भारी नाद, त्यांनी माझ्या भाच्याकडून शिकून पासवर्ड मॅनेजर घेतला होता, चक्क पैसे भरून. मास्टर पासवर्ड विचारला की "माका सगळा ठावक आसा" म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी अचानक गेले. ते ॲप आजपर्यंत उघडलेलं नाही. सबस्क्रिप्शन संपल्याचा मेल मात्र आला.

आणि खरं सांगू का, पासवर्ड मिळाले असते तरी बँकेत उपयोग नव्हता. गेलेल्या माणसाच्या नेटबँकिंगमध्ये शिरून पैसे काढायचे नसतातच, तिथे मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीचा क्लेम फॉर्मच लागतो. आम्हाला पाहिजे होती ती यादी. कुठे एफडी आहे, कुठे डीमॅट, पोस्टात काय, कुठल्या पॉलिसीचा हप्ता चालू आहे. ती त्यांच्या जुन्या डायरीच्या शेवटच्या पानावर सापडली, तीही २०१६ पर्यंतचीच, कारण त्यानंतर सगळं फोनमध्ये. माझी चूक अशी की बाबांच्या नंबरचा रिचार्ज मी केला नाही, म्हटलं आता कशाला, आणि काही महिन्यांनी नंबर बंद झाला. मग त्यांचा मेल उघडायला गेलो तर ओटीपी त्याच नंबरवर. तेव्हा कुणाच्या घरी असं झालं तर सिम चालू ठेवा निदान वर्षभर, रिचार्जच्या पैशांकडे बघू नका.

आईंच्या डायरीला हसू नका हं.

खटपट्या_ठाणेकर
तिरफळताई, हसणं बंद. वनपासवर्डची एक गोष्ट यात मला सोडवत नाही, फॅमिली प्लॅनमध्ये कुणी मास्टर पासवर्ड विसरलं तर मी माझ्याकडून अकाउंट रिकव्हर करून देऊ शकतो, बायकोसाठी दोनदा केलंय. पण मी विसरलो, किंवा मीच नसलो, तर? त्यांनी छापायला दिलेला तो इमर्जन्सी किटचा कागद, सीक्रेट की (नवीन फोनवर मास्टर पासवर्डबरोबर लागते ती किल्ली) असलेला, तो मी पीडीएफ करून ठेवलाय. कुठे ठेवलाय? त्याच व्हॉल्टमध्ये.

गड_आणि_कीपास
हाहाहा, किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरी लावली! मी २०११ पासून कीपास या फुकट मॅनेजरवर, सगळे पासवर्ड एका केडीबीएक्स फाइलमध्ये, कॉम्प्युटरवर कीपासएक्ससी, फोनवर कीपासडीएक्स, फाइल ड्राइव्हवर, खर्च शून्य. पण घरच्यांना देऊ नका, फोन आणि लॅपटॉपवर एकाच वेळी बदल केला की फाइलच्या दोन कॉप्या होतात आणि मग कुठली खरी ते शोधत बसायचं. एकट्या माणसाचं काम आहे ते.

उंटावरचा_शहाणा
तिरफळताईंचं वाचून सिमचं पटलं. बायकोला माझा गूगलचा पासवर्ड माहीत नाही हे आत्ता लक्षात आलं. बाकी मत तेच.

खटपट्या_ठाणेकर
काल रविवारी बसलो आणि केलं एकदाचं, सांगून टाकतो. वनपासवर्ड रिन्यू करत नाही. मुदत संपली तरी जुनं बघता येतं आणि बाहेर काढता येतं, फक्त नवीन टाकता येत नाही, त्यामुळे घाई नव्हती, तरी उरकलं. मी आणि बायको बिटवॉर्डनवर, मी प्रीमियम घेतलं तिरफळताईंमुळे, इमर्जन्सी ॲक्सेससाठी. बायकोचं फुकट अकाउंट त्याला चालतं. तिने मागणी केली आणि मी सात दिवसांत नाही म्हटलं नाही तर तिला माझं सगळं दिसणार. तिने लगेच विचारलं, सातच का, सात दिवसांत असं काय लपवणार आहेस.

भावाला सांगितलं तू क्रोम वापर, तो म्हणे मी तेच तर वापरतोय.

नोंदी सुखरूप आल्या पण पासकी आल्या नाहीत, चार साइटवर नवीन कराव्या लागल्या. आधार-पासपोर्टच्या स्कॅन पण हाताने हलवल्या. एका बँकेच्या साइटवर पासवर्ड पेस्टच करू देत नाहीत, तिथे २० अक्षरी पासवर्ड बघून बघून टाइप करताना तिसऱ्यांदा चुकलो असतो तर लॉक झालं असतं, आता तिथे शब्दांचा ठेवलाय.

आईची डायरी तशीच. फक्त त्यातलं पान मी तिच्यासमोर बसून नव्याने लिहून घेतलं, कुठे काय आहे त्याची यादी, आकडे नाही, पासवर्ड नाही, नुसती नावं आणि नॉमिनी कोण. दीड तास लागला. दोन पोस्टाच्या आरडी मला माहीतच नव्हत्या. डायरी आता साड्यांच्या कपाटात आहे.

भाकरवडी
झकास. वनपासवर्डमधून एक्स्पोर्ट केलेल्या फाइलचं काय केलंत? त्यात सगळे पासवर्ड उघडे असतात, साध्या नोटपॅडमध्ये वाचता येतात.

खटपट्या_ठाणेकर
अरे देवा. डाउनलोड्समध्येच आहे. उडवतो.

भाकरवडी
रिसायकल बिनमधूनही. आणि ते फोल्डर ड्राइव्हला सिंक होत नाही ना, बघा.

खटपट्या_ठाणेकर
होतंय.