लहान विमानाचा बाहेरचा रंग टिकवण्यासाठी धुणे, पॉलिश आणि वॅक्स याविषयी मार्गदर्शन हवे

जुनेपंख (प्रश्न)

नमस्कार. आम्ही तिघांनी भागीदारीत एक जुने, चार आसनांचे, एका इंजिनाचे, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे विमान घेतले आहे. आधीच्या मालकाकडे ते बरीच वर्षे उघड्यावर उभे होते. पंखांच्या वरच्या बाजूचा रंग अगदी निस्तेज झाला असून ओले काळे कापड त्यावर फिरवले की कापडाला पांढरी भुकटी लागते. पोटाखाली धुराचा आणि तेलाचा काळा राप थेट शेपटीपर्यंत पोहोचला आहे. पुढच्या काचेवर बारीक ओरखडे आहेत आणि सूर्य समोर असला की ते फार त्रास देतात.

नवा रंग देण्याचा विचार एवढ्यात नाही. आहे तोच रंग जमेल तितकी वर्षे टिकवायचा आहे. मोटार धुण्याचा शाम्पू आणि प्रेशर वॉशर वापरला तर चालेल का, भुकटी सुटणारा रंग पॉलिशने पुन्हा उजळेल का, आणि त्यानंतर वॅक्स लावावे की सिरॅमिक कोटिंग करून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

स्पॅनर

तुमचे प्रश्न रंगाविषयी आहेत, पण मी आधी पाण्याविषयी लिहितो. विमानांच्या देखभालीत इतकी वर्षे काढल्यावर माझे ठाम मत झाले आहे की धुताना खरा धोका रंगाला नसतो. पाणी जिथे जायला नको तिथे शिरण्याचा असतो.

हवेचा दाब घेणाऱ्या पिटो नळीत किंवा स्टॅटिक छिद्रांत पाणी गेले तर वेग आणि उंची दाखवणारी उपकरणे चुकीचे आकडे दाखवतात, म्हणून धुण्यापूर्वी ती झाकावीच लागतात. पण झाकण काढायचे राहून गेले तर तेही तितकेच घातक ठरते. २ ऑक्टोबर १९९६ च्या रात्री लिमाहून सान्तियागोला निघालेले एरोपेरूचे बोइंग ७५७ समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व ७० जण मृत्युमुखी पडले. विमानाची साफसफाई झाल्यावर स्टॅटिक छिद्रांवरची चिकटपट्टी तशीच राहिली होती. याच्या उलट घडले ते २७ नोव्हेंबर २००८ रोजी फ्रान्समधील पेर्पिन्याँजवळ. तिथे चाचणी-उड्डाणावर असलेले एअरबस ए३२० समुद्रात पडले आणि ७ जण दगावले. त्या विमानाला रंग देण्याआधी ते धुताना समोरून येणाऱ्या हवेचा कोन मोजणारे संवेदक झाकले नव्हते, आत शिरलेले पाणी उंचावरील थंडीत गोठले आणि संवेदक जागीच अडकले. दोन्ही विमाने मोठी होती, परंतु पाणी आणि चिकटपट्टी यांचे वागणे लहान विमानात बदलत नाही.

त्यामुळे पारदर्शक किंवा चंदेरी चिकटपट्टी कधीही वापरू नका. लांब लाल फीत लोंबणारी झाकणे घ्या, किती लावली ते कागदावर लिहून तो कागद वैमानिकाच्या आसनावर ठेवा, आणि ज्याने लावली त्यानेच मोजून काढावीत. आमच्याकडे हा कागद फाडून टाकण्यापूर्वी दुसरा माणूस विमानाभोवती एक फेरी मारतो.

प्रेशर वॉशर मात्र नको. त्याचा फवारा एलेरॉन आणि फ्लॅप या पंखांच्या मागच्या कडेवरील हलत्या भागांच्या बिजागऱ्यांतील व चाकांच्या बेअरिंगमधील ग्रीस धुऊन काढतो, जुन्या रंगाच्या कडा उचलतो आणि पत्र्यांच्या सांध्यांत पाणी दामटतो. साध्या नळीचे पाणी, मऊ स्पंज आणि भरपूर वेळ एवढे पुरे आहे. साबण लावताना खालून वर जावे, म्हणजे कोरड्या भागावर ओघळांचे डाग पडत नाहीत. खळबळून काढताना मात्र वरून खाली यावे. पत्रा उन्हाने तापलेला असताना साबण लावू नये, कारण तो तिथेच वाळतो.

शाम्पूबाबत : अ‍ॅल्युमिनियमला त्याच्या पृष्ठभागावरील ऑक्साइडचा पातळ थर सांभाळतो आणि हा थर साधारण ४ ते ८.५ या पीएचदरम्यान टिकतो. घरातील ओटा किंवा फरशी घासण्याची तीव्र अल्कधर्मी द्रावणे तो खातात. मोटारीचा शाम्पू उदासीन पीएचचा असल्याचे बाटलीवर स्पष्ट लिहिले असेल तर तो चालेल.

प्रोपेलरजवळ जाण्यापूर्वी मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारे यंत्र) बंद असून किल्ली बाहेर काढलेली आहे याची खात्री करा, आणि तरीही इंजिन केव्हाही सुरू होईल असे समजूनच वागा, कारण मॅग्नेटोची अर्थिंगची तार तुटलेली असेल तर किल्ली बंद असूनही ठिणगी पडते. धुऊन झाल्यावर बिजागऱ्यांना निर्मात्याच्या पुस्तकाप्रमाणे वंगण द्या, पोटाखालची निचऱ्याची छिद्रे मोकळी आहेत का ते पाहा आणि टाक्यांच्या तळातून थोडे इंधन काढून त्यात पाणी दिसते का ते तपासा. इंधनाच्या टोपणांची जुनी रबरी कडी नेमकी अशा वेळी दगा देते.

पांढराकोट

रंगाबद्दल मी लिहितो. भुकटी सुटणे म्हणजे सूर्याच्या अतिनील किरणांनी रंगातील बांधणारे रेझिन विघटित होऊन रंगद्रव्याचे कण मोकळे पडणे. हा मेलेला थर पॉलिशने निघतो आणि खालचा सजीव थर वर येतो, म्हणजे चकाकी परत येते हे खरे. पण ती प्रत्येक वेळी रंगाची जाडी खर्चून येते, आणि जुन्या विमानावर ही जाडी किती उरली आहे ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आधी शेपटीखालच्या एखाद्या आडबाजूला तळहाताएवढ्या जागेवर सर्वांत सौम्य पॉलिश हाताने लावून पाहा. तुमच्या रंगावर वरचा पारदर्शक थर नसेल तर कापडाला रंग लागेल. तेवढ्याने घाबरू नका. मात्र खालचा प्रायमर (रंगाआधी दिलेला अस्तर-थर) डोकावू लागला तर तिथेच थांबा, कारण मग त्या रंगाकडे देण्यासारखे काही उरलेले नाही.

यंत्राने पॉलिश करायचे असेल तर रिव्हेटच्या रांगा आणि पत्र्यांच्या कडा सोडून द्या. उंचवट्यावर रंग मुळातच पातळ बसतो आणि फिरत्या पॅडचा सगळा दाब नेमका तिथेच येतो. या जागा हातानेच कराव्यात. एका पंखाला पूर्ण दिवस लागला तरी चालेल. घाई करून रिव्हेटची डोकी उघडी पाडलेली विमाने पाहिली की मला फार वाईट वाटते. आणि पोलादी घासणी कोणत्याही कारणाने, कोणत्याही भागावर वापरू नका. तिचे लोखंडी कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि ओलावा मिळताच दोन धातूंच्या संपर्कातून क्षरण सुरू होते.

वॅक्स की सिरॅमिक, याविषयी माझे मत असे आहे. सिरॅमिक कोटिंग हा सिलिकावर आधारित कठीण थर असतो. तो वॅक्सपेक्षा पुष्कळ जास्त टिकतो आणि त्यावरची घाण सहज निघते. परंतु तो खालच्या रंगाला जसा आहे तसा बंदिस्त करतो. भुकट्या रंगावर केलेले कोटिंग भुकटीवर बसते आणि तिच्याबरोबर निघून जाते. शिवाय पुढे कुठे रंगाची डागडुजी करायची झाली तर तो थर आधी घासून काढावा लागतो, नाहीतर नवा रंग नीट धरत नाही. तुमच्या विमानाची अवस्था पाहता मी साधे चांगले वॅक्स वर्षातून दोन-तीनदा लावीन. पंखांच्या व शेपटीच्या पुढच्या कडांवर आणि इंजिनाच्या आवरणाच्या नाकावर थर जरा जाड द्यावा, कारण वाळू, पाऊस आणि किडे यांचा मारा तिथेच बसतो.

या सगळ्यांपेक्षा जास्त फायदा सावलीचा होतो. हँगर मिळत नसेल तर पंखांना नीट बसणारी आवरणे घ्या, मात्र धुळीने भरलेल्या पृष्ठभागावर ती चढवू नका.

वाराभरारी

मी ग्लायडर उडवतो, त्यामुळे अ‍ॅक्रिलिकच्या कॅनोपीची, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाची, काळजी घेण्यात माझा बराच वेळ जातो. तुमची पुढची काचही काच नसून अ‍ॅक्रिलिकच असणार. अमोनिया असलेली काच पुसण्याची द्रावणे, पेट्रोल, अ‍ॅसिटोन, अल्कोहोल आणि थिनर यांपैकी काहीही तिला लागले तर आत बारीक तड्यांचे जाळे पडते आणि ते कशानेही जात नाही. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहू द्यावी, हातातील अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे, आणि मग बोटांनी हलकेच चाचपत उरलेले कण सोडवावेत. कोरड्या कापडाने पुसणे टाळावे. त्याने ओरखडे तर पडतातच, शिवाय स्थिर विद्युतभार तयार होऊन धूळ पुन्हा ओढली जाते. हात नेहमी वर-खाली फिरवावा. गोल फिरवल्याने पडलेले ओरखडे सूर्यासमोर वर्तुळांसारखे चमकतात, आणि तुम्हाला होणारा त्रास बहुधा त्याचाच आहे. अ‍ॅक्रिलिकसाठीच्या खास पॉलिशने बारीक ओरखडे पुष्कळसे मिटतात.

किडे उड्डाण संपताच पुसावेत. वाळले असतील तर ओला टॉवेल दहा मिनिटे पुढच्या कडेवर अंथरून ठेवावा; मग ते न घासता निघतात.

जुनेपंख

सर्वांचे मनापासून आभार. प्रेशर वॉशरचा विचार आजच सोडला. आणखी दोन गोष्टी विचारतो. पोटाखालचा राप नुसत्या शाम्पूने निघत नाही. आणि काही रिव्हेटांभोवती रंग बारीक फुगलेला असून तिथून किड्याच्या वाटेसारख्या वळणदार रेषा निघालेल्या दिसतात. त्यावर सरळ वॅक्स लावावे का?

स्पॅनर

त्या रेषांवर वॅक्स लावू नका. वर्णनावरून हे रंगाखालून सरपटणारे तंतुरूप क्षरण वाटते. ते दमट हवेत रिव्हेटच्या डोक्यापासून किंवा पत्र्याच्या कडेपासून सुरू होते आणि रंग शाबूत दिसत असतानाच आत पसरते. तुमच्या अभियंत्याला बोलावून तेवढ्या जागेचा रंग काढून घ्या, क्षरण किती खोल गेले आहे ते पाहू द्या, आणि धातूवर योग्य प्रक्रिया व प्रायमर झाल्यावरच वर रंग द्या. असे डाग एलेरॉनवर किंवा शेपटीच्या हलत्या भागांवर, म्हणजे एलेव्हेटरवर किंवा रडरवर, असतील तर रंगाचे वजनसुद्धा मोजावे लागते. या भागांचा तोल बिघडला तर विशिष्ट वेगाला ते फडफडू लागतात आणि ती फडफड विमान मोडू शकते, म्हणून तिथे स्वतः ब्रश फिरवू नये.

पोटावरचा राप खनिज टर्पेंटाइनने भिजवलेल्या कापडाने, थोड्या थोड्या जागेवर, सैल करून लगेच शाम्पूने धुवावा. टायर आणि ब्रेक आधी झाकून घ्या, जवळ ज्वाला किंवा ठिणगी नको, आणि हातमोजे घालाच, कारण शिसेयुक्त विमान-पेट्रोलच्या धुरात शिशाची संयुगे असतात. राप निघाल्यावर पोट नीट न्याहाळा. एखाद्या रिव्हेटमागे काळी शेपटी उमटलेली दिसली तर तो रिव्हेट सैल होऊन हलत आहे असे समजावे. आणि स्वच्छ केलेल्या पोटावर पहिल्याच उड्डाणानंतर तेलाचा ओघळ आला तर तो नेमका कुठून सुरू होतो ते त्याच दिवशी शोधता येते.

जुनेपंख

खुणेच्या पेन्सिलीने त्या रिव्हेटांची नोंद केली. एकूण अकरा आहेत, त्यांपैकी दोन डाव्या एलेरॉनवर. अभियंत्याची वेळ घेतली आहे. पॉलिशचे काम त्यांच्या तपासणीनंतरच सुरू करू.