डीएस-१६० मधला ‘कधी अटक झाली आहे का’ हा प्रश्न: ड्रंक अँड ड्राइव्हचा दंड आणि रद्द झालेला ४९८अ

कर्वेनगरकर:
घरातल्या दोघांचे अमेरिकेच्या बी१/बी२ (पर्यटन-व्यवसाय) व्हिसाचे डीएस-१६० हे फॉर्म भरायला घेतलेत आणि दोन्ही एकाच प्रश्नावर अडकलेत.

भाऊ: ३१ डिसेंबर २०२२ च्या रात्री नाकाबंदीत ब्रेथ ॲनालायझरमध्ये सापडला. गाडी ताब्यात, लायसन्स जमा, फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवाजीनगर कोर्टात उभं राहून १०,००० रुपये दंड. कोठडी वगैरे काही नाही. त्याचं म्हणणं, दंडच तर भरला, सिग्नल तोडल्यासारखं.

मेहुणे: २०१७ मध्ये ४९८अ (विवाहितेचा छळ). अटकपूर्व जामीन, मग समझोता, आणि २०२० मध्ये हायकोर्टाने एफआयआर रद्द केला.

एजंट म्हणतो दोन्हीकडे बिनधास्त ‘नाही’ टाका, इथलं तिकडे दिसत नाही. लंडनचा आतेभाऊ म्हणतो त्याच्या अमेरिकेच्या अर्जात असा प्रश्नच नव्हता. पुढच्या वर्षी कॅनडाचाही बेत आहे. नेमकं काय लिहायचं?

नक्कल_अर्ज:
आतेभावाचं आधी मिटवू. ब्रिटिश पासपोर्टवर तो ‘एस्टा’ (व्हिसाशिवाय जाणाऱ्यांची ऑनलाइन पूर्वपरवानगी) भरतो. त्यातला प्रश्न अरुंद आहे: मालमत्तेचं गंभीर नुकसान किंवा दुसऱ्या माणसाला, सरकारी यंत्रणेला गंभीर इजा झालेल्या गुन्ह्यात अटक किंवा शिक्षा झाली का, एवढंच. भारतीय पासपोर्टला एस्टा मिळतच नाही. आपल्याला डीएस-१६०, आणि त्यातल्या सुरक्षा व पार्श्वभूमीच्या भाग २ मधला प्रश्न रुंद आहे: कोणत्याही गुन्ह्यासाठी कधीही अटक किंवा शिक्षा झाली आहे का, नंतर माफी किंवा तसलं काही मिळालं असलं तरी. त्याचं उत्तर बघून आपलं उत्तर ठरवू नका.

आता भाऊ. ई-चलनाचा दंड ही मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खालची तडजोड असते. तिथे न्यायाधीश नाही, कबुली नाही, शिक्षा नाही. नशेत गाडी चालवण्याचं कलम १८५ त्या तडजोडीच्या यादीतच नाही, म्हणून तर चौकात पावती न फाडता कोर्टात पाठवलं. तिथे ‘गुन्हा कबूल आहे का’ असं विचारलं गेलं, भावाने ‘हो’ म्हटलं, ते नोंदवलं गेलं आणि दंड झाला. ही सरळ सरळ दोषसिद्धी आहे. अटक झाली नव्हती हे खरं असलं तरी प्रश्न ‘अटक किंवा शिक्षा’ असा आहे. दोन्हींतलं एक पुरे. उत्तर ‘हो’.

आदेशाची नक्कल काढून एक ओळ मुद्दाम शोधा: ‘न्यायालय उठेपर्यंत कैद’. बऱ्याच किरकोळ खटल्यांत दंडासोबत ही शिक्षा देतात. माणूस संध्याकाळपर्यंत बाकावर बसतो, चहा पिऊन घरी येतो आणि विसरून जातो. कागदावर मात्र ती कैदेची शिक्षा असते. फॉर्ममध्ये ‘फक्त दंड’ लिहिलं आणि आदेशात कैद निघाली, तर खोटं बोलल्याचा संशय फुकटचा ओढवून घ्याल.

‘हो’ म्हणजे नकार नव्हे. अमेरिकेच्या कायद्यात ज्या गुन्ह्यांमुळे दार बंद होतं ते मुख्यतः नैतिक अधःपतनाचे (फसवणूक, चोरी, हेतुपुरस्सर गंभीर मारहाण) आणि अमली पदार्थांचे. साधी दारू पिऊन गाडी चालवणं, ज्यात कोणी जखमी नाही, त्यात सहसा बसत नाही. तिथला अडथळा वैद्यकीय आहे. गेल्या ५ वर्षांत दारूशी संबंधित एक अटक किंवा शिक्षा, किंवा १० वर्षांत दोन, असं असेल तर अधिकारी अर्जदाराला दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरकडे पाठवतो. व्यसन आणि त्यातून धोकादायक वागणूक आहे का, एवढंच तो तपासतो. खर्च आपला. अहवाल येईपर्यंत अर्ज २२१(जी) खाली, म्हणजे कागदपत्रं अपुरी म्हणून, लटकतो, म्हणून तिकीट आधी काढू नका.

मेपल_आणि_मुळा:
कॅनडाबद्दल. तिथे हेच प्रकरण अमेरिकेपेक्षा जड आहे, आणि इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो.

कॅनडा पाहतो की तुमचा गुन्हा त्यांच्या कायद्यातल्या कोणत्या गुन्ह्याशी जुळतो आणि तिथे त्याची कमाल शिक्षा किती. तुम्हाला इथे १०,००० झाले की १,०००, याला किंमत नाही. १८ डिसेंबर २०१८ पासून नशेत गाडी चालवण्याची तिथली कमाल शिक्षा १० वर्षं झाली, त्यामुळे तो ‘गंभीर गुन्हेगारी’च्या खान्यात गेला. त्याआधीच्या एकट्या प्रकरणात १० वर्षं गेली की आपोआप पुनर्वसन (जुन्या गुन्ह्याचा अडसर दूर झाला असं) धरलं जायचं. त्या तारखेनंतरच्या गुन्ह्याला ती सोय नाही. शिक्षा पूर्ण झाल्यापासून ५ वर्षांनी पुनर्वसनाचा अर्ज करता येतो. ५ वर्षं दंड भरल्यापासून मोजा, पण लायसन्स निलंबित केलं असेल तर निलंबन संपल्यापासून. तुमच्या भावाची मुदत फेब्रुवारी २०२८ च्या आधी भरत नाही. त्याआधी जायचं तर टेंपररी रेसिडेंट परमिट (तात्पुरत्या प्रवेशाचा खास परवाना), आणि त्याला जाण्याचं सबळ कारण लागतं. नायगारा बघायचाय हे सबळ कारण नव्हे.

पण एक फट आहे. आपली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, कॅनडाची फौजदारी मर्यादा ८०. भावाच्या स्लिपवर ४५ किंवा ६० आकडा असेल, अपघात नसेल, गाडी वेडीवाकडी चालवल्याची नोंद नसेल, तर ‘हा कॅनडात गुन्हाच ठरत नाही’ असा युक्तिवाद उभा राहतो. मर्यादेखालीही गाडीवरचा ताबा सुटलेला दिसला तर तिथे गुन्हा होतो, म्हणून नोंद कोरी असणं महत्त्वाचं. ब्रेथ ॲनालायझरची ती चिटोरी थर्मल कागदाची असते, दोन वर्षांत पुसते. खटल्याच्या कागदांतून तिची प्रमाणित नक्कल आत्ताच काढा.

कॅनडाचा प्रश्नही रुंद आहे: गुन्हा केला, अटक झाली, आरोप ठेवला गेला किंवा शिक्षा झाली, चारही. म्हणजे मेहुण्यांना तिथेही तपशील द्यावा लागेल.

ब्रिटन वेगळं विचारतं: शिक्षा, वाहनासंबंधीचा दंड, आणि सध्या चालू असलेला खटला. संपलेली नुसती अटक त्या यादीत नाही. पर्यटकाला कैदेशिवायची किंवा १२ महिन्यांपेक्षा कमी कैदेची शिक्षा असेल तर साधारण पहिले १२ महिने अडचण, १२ महिने किंवा जास्त कैद असेल तर नकारच. ऑस्ट्रेलियाचीही रेघ एकूण १२ महिन्यांच्या कैदेवर आहे, पण रेकॉर्डवरून काढून टाकलेली शिक्षासुद्धा जाहीर करावी लागते.

टेबल_जामीन:
मेहुण्यांच्या प्रकरणात खरा प्रश्न असा: अटक झाली होती की नव्हती? एफआयआर रद्द झाला याने अटक ‘झालीच नाही’ असं होत नाही. रद्द होतो तो खटला, घडलेली घटना नव्हे.

अटकपूर्व जामिनाच्या आदेशाची भाषा ‘अटक झाल्यास जामिनावर सोडावे’ अशी असते. पुढे दोन प्रकार होतात. एकात तपास अधिकारी हजेरी आणि जबाब घेतो, अटक दाखवतच नाही. दुसऱ्यात चौकीत बोलावून कागदोपत्री अटक दाखवतो, अटक फॉर्म भरतो, बोटांचे ठसे घेतो आणि तासाभरात जामीनदाराची सही घेऊन सोडतो. घरचे म्हणतात ‘नुसती सही करून आला’. ती अटकच. टेबल जामिनाचंही, म्हणजे चौकीतच मिळणाऱ्या जामिनाचंही, तसंच.

आठवणीवर जाऊ नका, दोषारोपपत्र काढा. त्यात आरोपीच्या रकान्यात अटकेची तारीख आणि जामिनावर सुटल्याची तारीख असते. तारीख भरलेली असेल तर ‘हो’. रकाना रिकामा असेल आणि अटक फॉर्मही नसेल, तर अमेरिकेच्या प्रश्नाला ‘नाही’ हे खरं उत्तर आहे, फक्त दोषारोपपत्र आणि हायकोर्टाचा आदेश मुलाखतीला जवळ ठेवा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४१अ ची, अटक न करता हजर राहायला सांगणारी नोटीस (१ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं, बीएनएसएसचं कलम ३५(३)) मिळून हजर राहिलात तर ती अटक नव्हे.

चॅप्टर केसबद्दल (शांतता भंग होऊ नये म्हणून होणारी पोलिसी कारवाई) वाद आहेत. त्याच जुन्या संहितेच्या कलम १५१ खाली रात्रभर आत ठेवलं असेल तर ती प्रतिबंधात्मक अटक, गुन्ह्यासाठीची नाही, असा बारीक कीस काढता येतो. माझं मत: काढू नका. ‘हो’ लिहून दोन ओळींत खुलासा केलेला बरा. कलम १०७ ची नुसती नोटीस आणि शांतता राखण्याचा बॉण्ड असेल तर अटक नाही.

डीएस-१६० मधला गांजा वगैरे अमली पदार्थांचा प्रश्न मात्र स्वतंत्र आहे. तिथे अटक किंवा शिक्षा विचारलेली नाही, अमली पदार्थांचा कायदा कधी मोडला का, असं विचारलंय. वकिलाशी बोलल्याशिवाय त्याला हात लावू नये.

कर्वेनगरकर:
मोठी मदत झाली. एक राहिलं. मेहुण्यांनी २०१८ मध्ये, म्हणजे केस चालू असताना, अमेरिकेचा फॉर्म भरला होता. तेव्हाच्या एजंटने ‘नाही’ टाकलं होतं. व्हिसा मिळाला, वापरला. आता ‘हो’ लिहिलं तर जुनं खोटं उघडं पडणार नाही का?

नक्कल_अर्ज:
आधी दोषारोपपत्र बघा. अटकच नसेल तर जुनं उत्तर खरं होतं आणि विषय संपला.

अटक असेल तर खरं लिहा. दुसऱ्यांदा खोटं लिहिणं हा पर्यायच नाही. अमेरिकेत महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगून व्हिसा मिळवला, तर बंदी कायमची असते आणि सवलतीच्या अर्जाशिवाय उठत नाही. कॅनडात ५ वर्षं, ब्रिटनमध्ये १०, ऑस्ट्रेलियात ३. तुमच्या बाजूचा मुद्दा ‘महत्त्वाची’ या शब्दात आहे: तेव्हा खरं सांगितलं असतं तरी व्हिसा नाकारण्याचं कारण मिळालं नसतं, हे दाखवता आलं पाहिजे. हे अमेरिकेच्या इमिग्रेशन वकिलाकडून लिहून घ्या. शिक्षा नसलेली अटक या बाबतीत बरी स्थिती आहे. एजंटने भरलं ही सबब चालत नाही, सबमिटच्या बटणाखाली जबाबदारी अर्जदाराची असते.

‘हो’ केलं की खुलाशाची चौकट उघडते. त्यात क्रमाने: तारीख, ठिकाण, कलम आणि त्याचा साधा अर्थ, अपघात किंवा इजा नव्हती, कोर्ट आणि खटला क्रमांक, निकाल, दंडाची रक्कम आणि भरल्याची तारीख, सध्या काही प्रलंबित नाही. पाच ओळी बास. ‘पोलिसांनी मुद्दाम अडकवलं’ हे लिहू नका, कबुली दिलेल्या खटल्यात तर नाहीच.

टेबल_जामीन:
नक्कल काढण्याबद्दल. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधलं की खटल्याचा १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो. किरकोळ खटला ‘एससीसी’ (समरी क्रिमिनल केस) म्हणून असतो, आरसीसीत (रेग्युलर क्रिमिनल केस) शोधत बसाल तर सापडणार नाही. मग कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प लावून. आदेश, रोजनामा (तारखांवारी कामकाजाची नोंद), दंडाची पावती आणि दोषारोपपत्र असं चारही मागा. नुसता आदेश मागितला की पुन्हा फेरी पडते. जुनं रेकॉर्ड नष्ट झालं असेल तर तसा शेरा लेखी घ्या. ‘मिळत नाही’ हे तोंडी उत्तर व्हिसाच्या खिडकीवर दाखवता येत नाही.

आदेश मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरावर ‘मूळाशी जुळते’ हे विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. नुसता नोटरीचा शिक्का पुरत नाही.

आणि नाव तपासा. पोलिसांच्या कागदावर घरचं नाव किंवा वडिलांच्या नावाशिवायचं नाव लिहिलेलं असतं, पासपोर्टवर तिन्ही. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र त्याच गठ्ठ्यात वर लावून ठेवा, आणि डीएस-१६० मध्ये ‘दुसरं नाव वापरलं आहे का’ या प्रश्नात तेही नाव घाला.