विषय: पुन्हा: शनिवारचं इटालियन, चीजचं कुणी विचारलं का?

उदगीरकर, सोमवार रात्री
मंडळी, शनिवारच्या इटालियन जेवणाचा आकडा १४ वर गेला. हॉटेलवाला म्हणतो १० च्या वर माणसं असली की कोर्सच, म्हणजे ठरलेलं ताट, घ्यावा लागेल, आणि कोणता कोर्स ते गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवा. नंतर कुणी गळलं तरी पैसे पूर्ण. शाकाहारी मागितलं तर 'करतो' म्हणाला, पण त्याच्या 'करतो'वर माझा भरोसा नाही. आई माळकरी, तुम्हाला माहीतच आहे. टोकियोत आलीस की पिझ्झा खाऊ घालतो म्हणून मीच बसलोय बोलून. म्हणून विचारूलालो, चीजचं काय करायचं?

परभणीच्या वहिनी, सोमवार रात्री
भावजी, पार्मेझान असेल तर सरळ नको म्हणा. अस्सल पार्मेझान म्हणजे पार्मिजानो रेज्जानो, त्यात वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवायला लागतं ते) घालायचं हा नियमच आहे. पेस्टोतही (ती हिरवी इटालियन चटणी) बहुतेक तेच चीज किसलेलं असतं. इथल्या ॲलर्जीच्या यादीवर जाऊ नका. अंडं, दूध, गहू लिहावंच लागतं, पण डुकराचं मांस आणि जिलेटिन (प्राण्याच्या हाडा-कातड्याचं) नुसतं 'लिहिलेलं बरं' या खात्यात. रेनेटचं नावच नाही. तीही सक्ती पाकिटातल्या मालाला, हॉटेलाला नाही. शेवटी पन्ना कोत्ता, ते सायीचं गोड, आला तर त्यात जिलेटिन. नवरात्राच्या वेळी मी हेच ओरडत होते, तेव्हा सगळे म्हणाले वहिनी लई बारकावे काढतात.

माजलगावकर, मंगळवार सकाळी
एवढं बघत बसलं तर माणसानं निशिकासाईत, आपल्या भारतीयांच्या वस्तीत, घरी वरणभातच खावा. काकूंना सांगायचं कामून? गावाकडं नातवंडांबरोबर चीज सँडविच खातातच की त्या.

परभणीच्या वहिनी, मंगळवार सकाळी
गावाकडच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो, म्हणजे रेनेट प्राण्याचं नाही. इथं ठिपका दाखवा, मग बोला. आणि न सांगता खाऊ घालणं मला पटत नाही. माळ त्यांच्या गळ्यात आहे, तुमच्या नाही.

जालनेकर, मंगळवार दुपारी
रेनेटचं राहू द्या, आधी बेकनचं बघा. नवीन होतो तेव्हा एका ठिकाणी 'निकु नाशि', म्हणजे मांस नको, असं तीनदा बजावलं. स्पॅगेटी आली तर बेकनचे बारीक तुकडे, दाण्याच्या कुटासारखे सगळीकडं. पोरगी हसून म्हणाली, हे मांस नाही, बेकन आहे! तेव्हापासून मी एकेक जिन्नस नाव घेऊन सांगतो: बेकन, हॅम, अँकोव्ही (खारवलेली बारकी मासळी). तेही कागदावर लिहून.
जाता जाता, केचपवाली नापोरितान स्पॅगेटी योकोहामाच्या हॉटेल न्यू ग्रँडमध्ये निघाली म्हणतात, महायुद्ध संपून अमेरिकन फौज आली तेव्हा. नाव नेपल्सचं, पण खुद्द नेपल्सला कुणी ओळखत नाही. आपल्या मंचुरियनसारखंच.

नांदेडकर, मंगळवार रात्री
नापोरितानवर टबॅस्को देतात, ते तिखट नव्हे, आंबट पाणी. मी शेंगाची चटणी घेऊन येतो, पाव किलो.

सचिव, मंगळवार रात्री
हॉटेलात बाहेरचं खाणं चालत नाही. मागच्या वेळी ठेच्याची बाटली टेबलावर आली तेव्हा वाकून वाकून माफी मी मागितली होती, चटणीवाल्यांनी नाही. दुसरं, हॉटेलशी बोलणं सचिवांकडून होईल असं ठरलं होतं. बुकिंग परस्पर झालं हे मला लिस्टवर कळलं.

उदगीरकर, बुधवार दुपारी
ताई, चुकलं. आईचं तिकीट ठरलं त्याच रात्री घाईत करून टाकलं.
आज जालनेकरांसारखं कागदावर लिहून हॉटेलात गेलो. भट्टीवाला भला माणूस निघाला. म्हणाला, मारिनारा घ्या. त्यात चीज नसतंच: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. मी म्हटलं, चीज नाही तर अर्धवट वाटेल. तर त्यानं मलाच शिकवलं. नेपल्समध्ये १९८४ साली झालेली पिझ्झावाल्यांची संघटना अस्सल म्हणून मारिनारा आणि मार्गेरिता दोनच मोजते. पीठ, पाणी, मीठ, यीस्ट, कणकेत दुसरं काही नाही. आईचा पिझ्झा भट्टीत आधी, पाटा पुसून, हेही कबूल केलं.
मग आईला फोन लावून सगळं सांगितलं, रेनेटसकट. ती म्हणाली, 'म्हणजे लसणाची चटणी लावलेली भाकरीच की. चालतंय. तुमचं तुम्ही खावा, मला ताट वेगळं मांडा.'

माजलगावकर, बुधवार दुपारी
मी आधीच म्हटलं होतं काकू काही म्हणणार नाहीत.

परभणीच्या वहिनी, बुधवार दुपारी
तुम्ही न सांगता खाऊ घाला म्हणत होतात.

सचिव, गुरुवार सकाळी
१३ कोर्स, १ मारिनारा, पन्ना कोत्त्याऐवजी फळं. हॉटेलला मीच कळवते. नांदेडकर, बाटली नको.

नांदेडकर, गुरुवार सकाळी
बाटली नाही हो ताई, पुडी आणतो.