कंदीलपुष्पांच्या नोंदी कशा ठेवाव्यात? मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. सातारा जिल्ह्यातील सड्यांवर (खडकाळ पठारांवर) आणि गवताळ उतारांवर आमचा हौशी गट पावसाळ्यात रानफुलांच्या नोंदी करतो. कंदीलपुष्पांच्या, म्हणजे सेरोपेजियाच्या नोंदींबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

फुलाची नळी, टोकाशी जुळलेल्या पाकळ्या आणि आतील केसांची रचना पाहिल्याशिवाय यांच्या जाती खात्रीने सांगता येत नाहीत. बहर ओसरल्यावर मात्र गवतात मिसळलेली एखादी काडी किंवा बारीक वेल तेवढी दिसते. अशा रोपाची नोंद केवळ प्रजातीपर्यंत (म्हणजे नुसती 'सेरोपेजिया' अशी, जात न लिहिता) ठेवावी, की पुढील हंगामापर्यंत राखून ठेवावी? दुर्मीळ जातीचे रोप उपटून हर्बेरियमसाठी (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी) नमुना करणे आम्हाला पटत नाही; पण निव्वळ छायाचित्रांवर ओळख पटवायची, तर फुलाचे कोणकोणते भाग टिपावेत?

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. यांचे कंद खाण्यासाठी खणले जातात, संग्राहकही ते उकरून नेतात, त्यामुळे अचूक स्थान जाहीर करणे धोक्याचे वाटते. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर स्थान धूसर ठेवता येते; तथापि वनविभागाला नेमकी जागा कळलीच नाही, तर तिथे वृक्षलागवडीचे खड्डे खणले जाण्याची भीती उरतेच. (गवताळ उताराला 'ओसाड' समजून झाडे लावण्याचा उत्साह आपल्याकडे फार आहे.) अशी माहिती वनविभागाला किंवा ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीला गोपनीय राखून कोणी दिली असल्यास अर्जाचे स्वरूप कृपया कळवावे.

उत्तरात दुर्मीळ जातींच्या ठिकाणांची नावे लिहू नयेत, ही विनंती.